ग्रामसभेत उभं राहताना

ग्रामपंचायतीत निवडून आल्यावर बोलावं लागणार हे मला ठाऊक होतं. चार माणसांत आपल्याला बोलता येत नाही, हेही ठाऊक होतं. जानेवारी 2021 च्या निवडणुकीत आमच्या वॉर्डातली एक जागा महिलेसाठी राखीव होती. घरच्यांनी अर्ज भरायला लावला, बचत गटातल्या बायका माझ्यासाठी दारोदार फिरल्या आणि मी सदस्य झाले. गाव माण तालुक्यातलं, सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं. 73 वी घटनादुरुस्ती 1993 साली लागू झाली, तेव्हा पंचायतींत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. 2011 पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. माझ्यासारख्या हजारो जणी त्या वाटेनं आत आल्या. आत आल्यावर पुढं काय करायचं, याचा धाक मात्र ज्याचा त्याला एकट्यानंच सोसावा लागतो.

माझ्या भीतीबद्दल एक गोष्ट मला फार दिवस उलगडत नव्हती. आमच्या गावात बायकांचं भजनी मंडळ आहे. हरिनाम सप्ताहात सगळा गाव समोर बसलेला असताना मी चाल धरते, वरचा सूर लावते, तेव्हा भीती नावालाही नसते. पण त्याच देवळाच्या मंडपात, त्याच माणसांसमोर ग्रामसभा भरली आणि सरपंचांनी नुसतं विचारलं, ‘वहिनी, तुमचं काय म्हणणं?’ की जिभेला कोरड पडायची. कान तापायचे, छाती धडधडायची, पोटात गोळा उठायचा. डोक्यात जे असायचं ते पुसून जायचं. माणसं तीच, जागा तीच, आवाजही तोच, मग फरक कशाचा? पुष्कळ विचार केल्यावर मला कळलं, की भजनात शब्द संतांचे असतात आणि सोबतीला टाळकरी असतात. सूर चुकला तरी तो दहा जणींत मिसळून जातो. ग्रामसभेत शब्द माझा असतो आणि उभी मी एकटी असते. म्हणजे मला लोकांची भीती नव्हती. माझं स्वतःचं म्हणणं लोकांसमोर उघडं पडण्याची भीती होती. हे एवढं कळलं आणि पुढची वाट दिसायला लागली, कारण मग एकेक पायरी मांडता आली: आधी दुसऱ्याचे शब्द, मग सगळ्यांचे मिळून झालेले शब्द, आणि शेवटी आपले.

पण त्याआधी शरीराचं सांगते. माझी भाची मानसशास्त्र शिकते. सुट्टीत आली होती तेव्हा मी तिला विचारलं, ‘अगं, मला हे होतं तरी काय? काही आजार आहे का?’ तिनं सांगितलेलं मी मन लावून ऐकलं. धोका दिसला की शरीर पळायची किंवा झुंजायची तयारी करतं. अ‍ॅड्रेनालिन नावाचं संप्रेरक सुटतं, काळीज जोरात चालतं, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडं धावतं. पचन त्या वेळी बिनमहत्त्वाचं असतं, म्हणून लाळ कमी सुटते आणि तोंड कोरडं पडतं. श्वास वरच्यावर होतो, गळ्याचे स्नायू आवळतात, त्यानं आवाज चिरका निघतो. शेतात साप दिसला तर हीच तयारी जीव वाचवते. चारचौघांसमोर उभं राहणं हाही शरीराच्या लेखी धोकाच, कारण माणसांनी आपल्याला झिडकारलं तर आपलं काही खरं नाही, ही समज फार जुनी आहे.

तिनं एका प्रयोगाबद्दल सांगितलं. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी 1993 साली तो मांडला. माणसाला थोडी तयारी करायला वेळ देतात, मग परीक्षकांसमोर पाच मिनिटं बोलायला लावतात, मग 1022 मधून तेरा-तेरा वजा करत मोठ्यानं सांगायला लावतात. ताणाचा अभ्यास करायला जगभर आजही ही पद्धत वापरतात, कारण ताण हमखास येतो. लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, तपासलं की ते वाढलेलं दिसतं. हे ऐकून मला किती हलकं वाटलं, सांगता येत नाही. शिकल्यासवरल्या माणसांनाही नुसतं बोलायला उभं केलं की असं होतं. मग मी घाबरट म्हणून मला होतं, असं राहिलं नाही.

त्या प्रयोगातली एक गोष्ट माझ्या फार उपयोगी पडली. समोरच्या परीक्षकांना चेहरा कोरा ठेवायला सांगितलेलं असतं. हसायचं नाही, मान डोलवायची नाही. बोलणारा त्यानंच जास्त घाबरतो. मी ग्रामसभा आठवली. आमची माणसं बोलणाऱ्याकडं तशीच बघतात. कुणी तंबाखू मळत असतो, कुणी खांबाला टेकून डोळे बारीक करून बसलेला असतो. मान कुणी डोलवत नाही. मी त्या चेहऱ्यांवर नाराजी वाचायचे. खरं तर ते ऐकत असतात, ऐकताना त्यांचा चेहरा तसा असतो. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, माझं बोलणं ऐकतात तेव्हाही तशाच बसतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यातला शब्द न् शब्द त्यांना पाठ असतो.

शरीराचं हे झालं. पण शरीरावरच सगळं ढकलणं मला पटत नाही. आमच्या गावचे गडी काही जन्मजात वक्ते नाहीत, तरी ते उठून बोलतात. कारण पोरगा असल्यापासून ते पारावर, डेअरीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये इतरांना बोलताना ऐकत आणि स्वतः बोलत आलेले असतात. मला लहानपणापासून काय सांगितलं गेलं? पोरीच्या जातीनं आवाज चढवू नये, मोठ्यांच्या मधे बोलू नये, सासरी तर विचारलं तेवढंच सांगावं. ज्या गप्प बसण्याला वीस-पंचवीस वर्षं शाबासकी मिळाली ते एका दिवसात कसं सुटणार? ग्रामसभेत बायका बसतात कुठं तेही बघा. मंडपाच्या कडेला, चपलांपाशी, डोक्यावरचा पदर सावरत. तिथून उठून बोलायचं म्हणजे सगळ्या सभेनं मान वळवून मागं बघायचं. पुढं बसलेल्याला बोलणं सोपं जातं, हे मी नंतर स्वतः पुढं बसायला लागल्यावर अनुभवलं. पहिला बदल मी तोच केला. बोलले काही नाही, पण सदस्यांच्या रांगेत जाऊन बसले. त्या दिवशी तेवढंच पुरे होतं.

दुसरा बदल घरातला होता आणि तो जास्त अवघड गेला. सभेत मला काही विचारलं की हे चटकन उत्तर द्यायचे. हेतू चांगलाच असायचा, माझी तारांबळ त्यांना बघवत नसे. त्यांनी उत्तर दिलं की मला सुटल्यासारखं वाटायचं. भाचीनं यावर बोट ठेवलं. ‘मामी, ते सुटल्यासारखं वाटणं हेच भीतीचं खाद्य आहे. टाळलं की आज बरं वाटतं, आणि पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होते.’ मी ह्यांच्याशी शांतपणे बोलले. म्हणाले, मला दम लागू दे, मधे थांबू दे, पण माझ्या वतीनं बोलू नका. त्यांनी ऐकलं. पुढच्या सभेला ते मुद्दाम मागं उभे राहिले. गावात त्यावरून लोक दोन शब्द बोलले असतील, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही, याचा मला अभिमान आहे.

मग पायऱ्या. बचत गटात बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडं होतं. ते दर बैठकीत मी उभं राहून वाचायला लागले. बसून वाचलं की मान खाली जाते, छाती आवळते, आवाज अंगणाबाहेर जात नाही. उभं राहिलं की श्वास पोटापर्यंत जातो. भजनात एका दमात ओळ म्हणायची सवय होतीच, तोच दम वाचायला वापरायचा, हे मला वाचता वाचता सापडलं. श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडं लक्ष द्यायचं. सावकाश, लांब सोडायचा. लांब उच्छ्वासानं काळजाचे ठोके खरंच उतरतात, शरीराची घडणच तशी आहे. बोलायला उठण्याआधी मी आजही असे चार-पाच श्वास सोडते, कुणाला कळतही नाही.

इतिवृत्त अंगवळणी पडल्यावर ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या सगळ्या गटांच्या, बैठकीत आमच्या गटाचा हिशोब सांगायचं काम मागून घेतलं. किती बचत, किती कर्जवाटप, किती परतफेड. हे शब्द अजून माझे नव्हते, आकडे सगळ्यांचे होते, पण सांगताना कुणी मधेच विचारायचं आणि मला न वाचता उत्तर द्यावं लागायचं. तिथं माझी जीभ सुटली. आकडा माहीत असला की भीती दुसरीकडं सरकते. मन ‘मी कशी दिसतेय’ इथून उठून ‘हिला हिशोब कळला का’ इथं जातं. माझ्या सगळ्या प्रवासात मला कामाला आलेली गोष्ट कुठली, असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन. लक्ष स्वतःवर असेल तोवर हात थरथरतात. लक्ष समोरच्या बाईवर गेलं, तिला काय हवंय याच्यावर गेलं, की थरथर राहिली तरी त्या थरथरीकडं बघायला सवड राहत नाही.

नव्या सदस्यांचं प्रशिक्षण पंचायत समितीत झालं. तिथं मला दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे महिला सभा. कायद्यानं ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते आणि तिच्यातले विषय ग्रामसभेपुढं जायचे असतात. पुष्कळ ठिकाणी ती कागदावर होते, सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरतं. आम्ही ती खरोखर भरवायची ठरवलं. दुसरी गोष्ट म्हणजे, ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. घरपट्टीतून जे पैसे जमतात, त्यांतला हा वाटा. बायकांमध्ये हे सांगितलं तेव्हा एकदम कालवा झाला. ‘आपल्या नावचं पैसं? कुठं गेलं मग?’ एका म्हातारीनं विचारलं. अंगणवाडीच्या दाराला कडी नाही, पोरींच्या शाळेत मुतारीला पाणी नाही, आणि आपल्या नावचा पैसा कुठं जातो तो आपल्याला माहीत नाही. त्या सभेत मी किती वेळ बोलले ते मलाच कळलं नाही. बायका बोलत होत्या, मी बोलत होते, मी उभी आहे याचंही भान नव्हतं.

ठरलं, की ग्रामसभेत हा प्रश्न मी विचारायचा. प्रश्नच, भाषण नाही. यात मोठं शहाणपण आहे, असं मला वाटतं. भाषणाला सुरुवात, मधला भाग, शेवट लागतो. प्रश्न दोन वाक्यांत होतो आणि मग बोलायचं ओझं उत्तर देणाऱ्यावर जातं. ज्यांना भाषण जमत नाही त्यांनी प्रश्नानं सुरुवात करावी. नागरिक म्हणून तो आपला हक्कही आहे, त्याला सजावट लागत नाही.

तयारी मी अशी केली. सगळं लिहून पाठ करायचं नाही, कारण पाठ केलेल्यातला एक शब्द निसटला की पुढची सगळी ओळ बुडते. पहिलं वाक्य तेवढं तोंडपाठ ठेवायचं, कारण घाबरगुंडी पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळ्यात जास्त असते. बाकीचे तीन मुद्दे कॅलेंडरच्या पानामागं मोठ्या अक्षरात लिहिले. प्रश्न लेखी करून ग्रामसेवक भाऊसाहेबांकडं आधीच दिला, पोच घेतली. मग देवळात कुणी नसताना जाऊन, जिथून बोलायचं तिथंच उभं राहून, जाऊबाईंना लांब खांबापाशी बसवून ते वाक्य म्हटलं. त्या तिथून ओरडायच्या, ‘ऐकू येईना! दमानं!’ आवाज मोठा करण्यापेक्षा सावकाश बोललं की लांबवर पोचतं, हे त्यांनी मला शिकवलं.

भाचीनं फोनवर आणखी एक सांगितलं होतं. सॅव्हिट्स्की आणि गिलोविच या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आपली घालमेल समोरच्याला जेवढी दिसते असं आपल्याला वाटतं, तेवढी ती दिसत नाही. आणि ज्यांना हे बोलायच्या आधी समजावून सांगितलं, ते जास्त चांगलं बोलले. मी ते जाऊबाईंवर पडताळून पाहिलं. माझ्या गुडघ्यांत कापरं भरलं होतं, तरी त्यांना काही दिसलं नव्हतं. ‘जरा लाल झालीस, बाकी काय नाय,’ म्हणाल्या.

बोलीचीही एक भीती होती. टीव्हीवर, व्यासपीठावर बोलतात तसं आपल्याला येत नाही, आपलं ऐकून लोक हसतील, अशी ती भीती. आमच्याकडच्या किती तरी बायका केवळ यासाठी तोंड उघडत नाहीत. मी ठरवलं, घरात बोलते तसंच बोलायचं. ऐकणारेही तसंच बोलतात. परकी भाषा सांभाळत बोलायचं म्हटलं तर निम्मं डोकं भाषेतच गुंतून पडतं आणि मुद्दा मागं राहतो. हिशोबाचे शब्द मात्र, जमा, खर्च, शिल्लक, तरतूद, हे नेमके घोटून घेतले. तिथं ढिलाई चालत नाही.

ग्रामसभा भरली. सभा ग्राह्य धरायला, म्हणजे कोरमसाठी, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे लागतात. त्या दिवशी बायकाच इतक्या आल्या होत्या, की भाऊसाहेबांना मोजायची काळजी राहिली नाही. मागचं इतिवृत्त वाचून झालं, जमाखर्च वाचून झाला. माझा विषय आला. मी उठले. तोंडाला कोरड पडलीच, ती चुकली नाही. पाण्याचा घोट घेतला, श्वास सोडला, आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं: ‘सरपंच, भाऊसाहेब, महिला सभेनं मला एक प्रश्न विचारायला सांगितलाय.’ हे वाक्य मी मुद्दाम तसं बांधलं होतं. त्यात मी एकटी नव्हते. मग विचारलं, की गेल्या वर्षी स्वतःच्या उत्पन्नाचे 10 टक्के किती झाले, ते कशावर खर्च झाले, आणि त्यातलं कुठलं काम कुठं बघायला मिळेल.

मंडपात शांतता झाली. पूर्वी त्या शांततेनं मी खाली बसले असते. या वेळी मी थांबले आणि बायकांकडं पाहिलं. कुणीतरी मागून म्हणालं, ‘वहिनी, बसा, सांगतील नंतर.’ मी म्हणाले, ‘बसते, पण उत्तर आज लिहून घ्या.’ हे वाक्य तयारीतलं नव्हतं. ते कुठून आलं मला माहीत नाही. आवाज चढला नव्हता, कापलाही नव्हता. भाऊसाहेबांनी कागद चाळले आणि खर्चाच्या बाबी सांगितल्या. त्यातल्या काही बायकांच्या ओळखीच्या होत्या, काहींबद्दल कुणालाच काही सांगता आलं नाही. शेवटी पुढच्या वर्षीची तरतूद महिला सभेला विचारून ठरवायची, असा ठराव झाला आणि इतिवृत्तात तो लिहिला गेला.

त्या रात्री झोप लागेना. बोललेलं सगळं मनात पुन्हा पुन्हा फिरत होतं: इथं अडखळले, तिथं ‘तरतूद’ म्हणताना जीभ वळली नाही, अमका का बरं हसला. सभा झाल्यावर मन असंच करतं, वाईट तेवढं वेचून दाखवतं. यावर मी तेव्हापासून एक करते. सभेहून आल्यावर वहीत जे घडलं तेवढंच लिहायचं: काय विचारलं, कोण काय म्हणालं, काय ठरलं. ‘मी कशी बोलले’ हे लिहायचंच नाही. वही वाचली की रात्रीचं मन आणि झालेली सभा यांत किती अंतर असतं ते दिसतं. भीती कमी व्हायला बोलण्याइतकाच या वहीचा हात लागला, असं मी मानते.

भीती गेली का? तोंड अजून कोरडं पडतं. तालुक्याच्या आमसभेत आमदारांपुढं उभी राहिले तेव्हा पहिल्यासारखंच पोटात गोळा आला. पण आता मी तिच्यामुळं उठायचं थांबत नाही. ती येते, पहिली दोन-तीन वाक्यं सोबत राहते, आणि मुद्दा लागला की मागं पडते. मधे काही महिने सभा झाल्या नाहीत आणि मी बोललेच नाही, तर पुन्हा पहिल्यापासून जड गेलं. म्हणून सराव सोडायचा नाही, गटाच्या बैठकीत का होईना, उभं राहून बोलायचं.

अंगणवाडीला नवं दार बसलं, शाळेच्या मुतारीवर टाकी चढली. आता पाण्याचा विषय आहे. जलजीवन मिशनच्या निकषानं माणशी दिवसाला 55 लिटर पाणी घरात नळानं यायला हवं. आमच्या वरच्या वस्तीवर नळ आलेत, पाणी कधी येतं आणि किती येतं याची नोंद बायका रोज घागरी मोजून ठेवतायत. हा प्रश्न पुढच्या ग्रामसभेत जाऊबाई विचारणार आहेत. त्या रोज संध्याकाळी देवळात जातात, आणि खांबापाशी मी बसते.